कर्कपेशी गालात खोल कशी शिरते

दृश्य : जळगाव जिल्हा, कपाशीची वेचणी. दोन बोटांत कापसाला पीळ.

निवेदन :

कापसाला पीळ दिला की धागा निघतो, दोन धागे एकत्र वळले की दोन पदरी दोरा. आपल्या प्रत्येक पेशीतही असाच दोन पदरी पिळाचा एक धागा असतो. त्याचं नाव ॲक्टिन, जाडी साधारण ७ नॅनोमीटर. कापसाचा दोरा एकदा वळला की वळला. ॲक्टिनचा धागा मात्र एका टोकाला प्रथिनाचे मणी जोडत वाढतो, दुसऱ्या टोकाला उसवत जातो, आणि उसवलेले मणी पुन्हा कामी येतात.

त्याच्या जोडीला असतात २५ नॅनोमीटरच्या सूक्ष्मनलिका, ठिबकच्या नळीसारख्या आतून पोकळ. त्यांच्यावरून पेशीतला माल वाहून नेला जातो. आणि ताण सोसायला केराटिनचे दोर. हा झाला पेशीचा सांगाडा. धाब्याच्या घराचे खांब वर्षानुवर्षं जागचे हलत नाहीत. हा सांगाडा क्षणाक्षणाला मोडतो आणि उभा राहतो.

दृश्य : गालाच्या अस्तराचा काप, सूक्ष्मदर्शकाखाली.

निवेदन :

तंबाखू-चुन्याची गोळी आणि सुपारी जिथे तासन्‌तास दाबून ठेवली जाते, ती ही जागा. अस्तराच्या पेशी ई-कॅडहेरिन या प्रथिनाने एकमेकींना धरून असतात. खाली आधारपटल, म्हणजे कोलॅजेन आणि लॅमिनिनचं दाट विणकाम. त्याची छिद्रं इतकी बारीक, की अख्खी पेशी त्यातून जाऊच शकत नाही. पलीकडे जायचं तर ते कापावंच लागतं.

कर्कपेशी, म्हणजे कर्करोगाची पेशी, आधी शेजारणीचा हात सोडते. ई-कॅडहेरिन घटतं. पुष्कळदा केराटिनही कमी होऊन व्हायमेंटिन हे दुसरं दोराचं प्रथिन वाढतं आणि पेशी लवचीक, फिरती होते. मग तळाशी सुळे फुटतात, त्यांना इन्व्हाडोपोडिया म्हणतात.

सुळा बनतो कसा, ते जवळून पाहू. आर्प २/३ हा सात प्रथिनांचा संच जुन्या ॲक्टिन धाग्याच्या कडेला बसतो आणि ७० अंशांच्या कोनात नवी फांदी फोडतो. कोफिलिन जुने धागे तोडतं, त्यामुळे वाढीला नवी टोकं मिळतात. फॅसिन धाग्यांची जुडी बांधतं, म्हणून सुळा ताठ राहतो. सूक्ष्मनलिकांवरून कोलॅजेन कापणारी विकरं टोकाशी पोचतात. प्रयोगशाळेत चमकत्या जिलेटिनच्या थरावर अशा पेशी ठेवल्या, तर प्रत्येक सुळ्याखाली एक काळा ठिपका उमटतो. तेवढं जिलेटिन खाल्लं गेलेलं असतं. सुळ्याचा पाया घालणारं टीकेएस५ हे प्रथिन काढून घेतलं, की ठिपके उमटत नाहीत.

वाट झाली तरी केंद्रक अडतं. पेशीतला सर्वांत टणक भाग तोच. ॲक्टिनला ओढणारं मायोसिन हे प्रथिन मागून आवळतं, तेव्हा कुठे ते पिळवटून पार होतं.

मग ॲक्टिनच का रोखू नये? कारण हृदयाचा प्रत्येक ठोका त्याच ॲक्टिनवर चालतो. सूक्ष्मनलिका गोठवणारं पॅक्लिटॅक्सेल हे औषध मात्र उपचारात वापरात आहे.

दृश्य : तालुक्याचा दवाखाना. बायोप्सीची बाटली.

निवेदन :

सुळ्यांनी किती मजल मारली, ते मिलिमीटरमध्ये मोजतात. शेजारच्या निरोगी अस्तराच्या आधारपटलापासून मिस्त्रीसारखा ओळंबा सोडायचा, थेट सर्वांत खोल कर्कपेशीपर्यंत. ५ मिमी ओलांडले की कर्करोगाचा टप्पा बदलतो, १० ओलांडले की पुन्हा. साधारण ४ मिमीच्या पुढे मानेतल्या लसीका गाठी काढण्याचा विचार होतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्या, मानेत आजार दिसण्याआधीच, काढल्याचा फायदा दिसला.

मोजमाप चुकतं ते बहुतेक सुरुवातीलाच. बायोप्सीचा तुकडा त्याच्या दहापट आकारमानाच्या, १० टक्के तीव्रतेच्या फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रावात, बुडायला हवा. सलाइनमध्ये टाकून मे महिन्याच्या ४४ अंशांत बसने पाठवला, तर वाटेतच कुजतो. तुकडा व्रणाच्या कडेचा, निरोगी भागासकट आणि पुरेसा खोल हवा. नुसता वरचा पापुद्रा खरवडून आणला, तर त्यात आधारपटलच येत नाही आणि ओळंबा सोडायला जागा उरत नाही.