३९ फूट, ४३ फूट

(दृश्य: जुलैमधली पंचगंगा, राजाराम बंधारा. पाण्यात बुडत चाललेली मोजपट्टी.)

निवेदन:

कोल्हापुरात पावसाळ्यात माणसं एकमेकांना आधी विचारतात, "पाणी किती फुटांवर?" राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. त्यानंतर जून उजाडला की अनेक घरांत झोप उडते.

(दृश्य: रात्री अंधारात मोबाईलचा उजेड. व्हॉट्सॲपवर पाणीपातळीचे मेसेज.)

पुराच्या या भीतीपायी समुपदेशकाकडे येणारं गाऱ्हाणं साधारण असं असतं : रात्री दोनला जाग येते, हात फोनकडे जातो. राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले? बंधारे किती पाण्याखाली? कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून विसर्ग किती? पत्र्यावर पाऊस वाजला की छातीत धडधडतं. घरचे म्हणतात, "लई विचार करतोस बघ."

हा विचार खोटा असता तर काम सोपं होतं. पण नदी खरोखरच दारात आली होती. अशा माणसाला "काळजी करू नका, काही होणार नाही" असं सांगणं म्हणजे त्याच्याशी खोटं बोलणं. पुढच्या वेळी तो येतच नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

(दृश्य: समुपदेशनाची साधी खोली. दोन खुर्च्या.)

म्हणून सुरुवात भीती मान्य करण्यापासून होते. मग ही भीती कुठल्या प्रकारची, हे निवडावं लागतं. चिखलाचा वास आला आणि माणूस थेट २०१९ च्या त्या रात्रीत जाऊन पोचला, तर तो मनावरचा आघात आहे. त्याचे उपचार वेगळे, प्रशिक्षित माणसाकडूनच व्हायचे. आणि अजून न आलेल्या पुराची भीती असेल, तर तिला बांध घालता येतो.

तो बांध नदीच्याच आकड्यांनी घालता येतो. कागद घ्यायचा, पातळीप्रमाणे कामं लिहायची. ३९ च्या खाली : पातळी सकाळ-संध्याकाळ, दोनदाच बघायची, तीही जिल्हा प्रशासनाचीच, फॉरवर्ड आलेले व्हिडिओ उघडायचे नाहीत. ३९ ला : कागदपत्रं, औषधं पिशवीत, म्हातारी माणसं पाहुण्यांकडे, जनावरांची सोय. ४३ ची वाट न बघता निघायचं, कुठं आणि कोणाच्या गाडीतून तेही लिहून ठेवायचं. घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवायचं, नाहीतर ऐनवेळी "मी नाही येत, म्हशी कोण बघणार?" इथं सगळं अडतं. रात्री दोनला जाग आली तर प्रश्न एकच : आज कागदावरचं काही काम आहे का? नसेल, तर फोन पालथा. भीती जात नाही, पण तिला रात्रपाळीतून सुट्टी मिळते.

श्वासाचे व्यायाम, झोपेचं वेळापत्रक हेही असतंच. त्यावर फार बोलण्यासारखं नाही, ते करायचं असतं.

(दृश्य: प्रयाग चिखली. भिंतींवर पाण्याच्या खुणा. मग सोनतळीची वसाहत.)

चिखलीसारख्या गावात गुंता वाढतो. १९८९ च्या पुरानंतर गावकऱ्यांना सोनतळीला जागा मिळाली. पण शेत, गोठा, देऊळ खाली चिखलीतच. त्यामुळे माणूस दोन्हीकडे. इथं समुपदेशकाला भीतीखालचं दुःखही ऐकावं लागतं : जिवंत असलेलं गाव हळूहळू सोडण्याचं दुःख. त्यावर "झाडं लावा, बरं वाटेल" हा सल्ला तर थट्टाच वाटेल.

(दृश्य: कॉलेजच्या आवारातली मुलं.)

तरुणांची गोष्ट वेगळी. २०२१ मध्ये भारतासह दहा देशांतल्या, १६ ते २५ वयाच्या दहा हजार जणांना हवामानबदलाबद्दल विचारलं गेलं. ५९ टक्के अतिशय चिंतेत होते. ४५ टक्क्यांहून जास्त जणांनी रोजच्या जगण्यावर परिणाम होतो असं सांगितलं. "शेती करू का? पोरंबाळं कशाला?" या प्रश्नांना फुटांची मोजपट्टी लागत नाही. स्वीडनच्या संशोधक मारिया ओयाला यांनी मुलांमध्ये पाहिलं, की जी मुलं फक्त प्रश्न सोडवण्याच्या मागे लागतात त्यांना बरेचदा जास्त त्रास होतो. साहजिक आहे, एकट्या पोराच्याने काय होणार? जी मुलं इतर माणसांवर विश्वास ठेवतात, परिस्थितीत काही अर्थ शोधतात, ती चिंतेसकट नीट जगतात आणि कामालाही लागतात. म्हणून अशा मुलाला एकट्याने बातम्या वाचत बसू देण्यापेक्षा आपत्तीत मदत करणाऱ्या 'आपदा मित्र' स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणाला, गावच्या बचाव पथकात पाठवलेलं बरं. दोरखंड हातात धरायला चार माणसं सोबत असतात.

(दृश्य: नदीकाठची नवी बांधकामं.)

काही गोष्टी समुपदेशनाच्या खोलीत सुटत नाहीत. निळ्या पूररेषेतली, म्हणजे मनाई असलेल्या पट्ट्यातली बांधकामं, अलमट्टीची उंची ५१९ वरून ५२४ मीटर करण्याचा, पाणी मागे तुंबेल अशी इथं भीती असलेला प्रस्ताव. त्यावर येणारा राग हा आजार नव्हे, आणि समुपदेशकाने तो शांत करायला जाऊही नये. शिवाय समुपदेशकही याच शहरात राहतो; त्याच्याही घरी फोन वाजत असतो. त्यालाही बोलायला कुणीतरी लागतं.

(दृश्य: उन्हाळ्यातलं कोरडं पात्र, ऊसतोड.)

या कामाचा खरा मोसम दिवाळीनंतरचा. जुलैत खुर्चीत बसून बोलायला कुणाला सवड नसते. तेव्हा फार तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक, दिवसरात्र सुरू असलेला. कागद मात्र जानेवारीत लिहायचा, ऊस कारखान्याला गेला की.