मधून नको

(दृश्य: नागपूरचा फुटाळा तलाव. पाण्यावर अजून ऊन आलेलं नाही.)

सकाळचे सहा. सेमिनरी हिल्सचा उतार संपवून सायकली फुटाळ्याच्या काठाला लागतात, तेव्हा रस्ता आधीच भरलेला असतो. हात जोरजोरात हलवत चालणारे काका. कानात इअरफोन घालून पळणारी मुलगी. कुत्र्याला फिरवायला आलेला, की कुत्र्यानं फिरवायला आणलेला, एक पोट्टा. आणि रस्ताभर पसरून गप्पा हाणत निघालेला काकवांचा घोळका. सायकलच्या अंगात मात्र उताराचा वेग अजून तसाच असतो.

ताशी 25 किलोमीटर धरा. रोज सायकल हाणणाऱ्याला हे काहीच वाटत नाही. पण हे झाले सेकंदाला सात मीटर. समोर कोणी आलंय हे ध्यानात येऊन बोटं ब्रेकवर आवळेपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यात सायकल दहा मीटर पुढं. मग ब्रेक, आणि कोरड्या डांबरावर अजून सहाएक मीटर. वेग 12 वर आणला की हाच सगळा हिशेब सहा-सात मीटरांत आटोपतो. ओल्या पाल्यावर तर हिशेब मांडायच्या भानगडीत पडूच नका.

(दृश्य: हँडलवरची घंटी, अगदी जवळून.)

घंटी आहे की! आहे, पण कुठून वाजवली? चालणारा ताशी 5 नं चाललाय, तुम्ही 25 नं येताय. पाच मीटरवरून वाजवली तर त्याच्या हातात एक सेकंदही उरत नाही. तो दचकतो, मान वळवतो, आणि बरेचदा मान वळते त्याच बाजूला पायही सरकतात. म्हणजे थेट तुमच्या चाकासमोर. वीस मीटरवरून वाजवली तर त्याला साडेतीन सेकंद मिळतात. एकदाच वाजवा. मग थांबून बघा, त्यानं ऐकलं का. इअरफोनवालीनं ऐकलेलं नसतं.

हे मी शहाणपणानं शिकलो नाही. याच काठावर एक जोडपं चाललं होतं. मी घंटी वाजवली. काका डावीकडे झाले, काकू उजवीकडे. मधे चांगली ऐसपैस वाट मोकळी झाली. मी खूश, पायडल मारला. तेवढ्यात काकांनी हाक दिली, "अहो, इकडे या नं!" आणि काकू माझ्यासमोरून निघाल्या नवऱ्याकडे. त्यांना वाचवताना मी आडवा झालो, तळहात सोलला. काकूंनी बाटलीतलं पाणी ओतलं, काका म्हणाले, "काहून एवढी घाई करून राहिला बाप्पा?"

त्या दिवसापासून दोघांच्या मधून मी जात नाही. सोबत चालणारी माणसं फाकली की पुन्हा एकत्र येणारच. एकाच बाजूला होईपर्यंत मागं रेंगाळायचं, मग उजवीकडून, आवाज देऊन: "काकू, उजवीकडून येतोय." नुसत्या घंटीपेक्षा माणसाचा आवाज बरा. घंटीचा राग येतो, "काकू" म्हटल्यावर सहसा येत नाही.

कुत्र्याचंही तसंच. मालक एका कडेला, कुत्रं दुसऱ्या कडेला, आणि मधे अंधुक उजेडात न दिसणारा पट्टा. कुत्रं आणि माणूस लांब लांब दिसले, की मधे दोरी आहेच असं धरून चालायचं. लहान पोरगं दिसलं तर वेगाचा विचारच नको, एक पाय जमिनीवर. त्याचा चेंडू कुठं जाईल हे त्यालाही माहीत नसतं.

मोटरसायकलवाला कानाजवळून सुसाट गेला की आपण त्याला शिव्या घालतो. या काठावर काकूंच्या लेखी तो मोटरसायकलवाला म्हणजे आपणच.

(दृश्य: तोच काठ, दुसरी सकाळ. पाठमोरं एक जोडपं. मागून सायकल.)

घंटी. एकदाच. काका डावीकडे, काकू उजवीकडे. मधली वाट मोकळी. सायकलस्वार पाय टेकून उभा राहतो. काकू मागं बघतात, पुढं बघतात, आणि रस्ता ओलांडून काकांच्या बाजूला जातात.

"जा नं बाबू, आता जा."