काळी गाडी आणि ओला फडका

(पुण्यातल्या एका सोसायटीच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. वर येण्याआधी तुमच्या पार्किंगमधून एक चक्कर मारून आलो. काळ्या गाड्या मोजल्या, 11 निघाल्या. त्यातल्या 9 आज सकाळीच पुसलेल्या होत्या, आणि त्या सगळ्यांवर जाळं होतं. उरलेल्या दोघी धुळीनं माखलेल्या. एकीचे मालक बहुधा मुलाकडे परदेशी गेले असावेत, टायरमधली हवासुद्धा बसली आहे. ती गाडी नीट धुतली तर 11 जणींत सगळ्यात देखणी तीच निघेल. हसू नका, खरंच सांगतोय.

जाळं म्हणजे काय, ते आधी बघू. घरातलं रोजच्या वापरातलं स्टीलचं ताट उन्हात धरा. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल गोल बारीक रेघा दिसतात. ताट तिरकं केलं की ती वर्तुळंही सरकतात. म्हणजे रेघा गोल नाहीतच. घासणीच्या रेघा सगळ्या दिशांना गेलेल्या असतात, त्यातल्या उजेडाला आडव्या पडणाऱ्या तेवढ्या चमकतात आणि आपल्याला कोळ्याचं जाळं दिसतं. काळ्या बॉनेटवर मोबाईलचा टॉर्च धरलात तर हेच दिसेल. गाडीवर घासणी कुणी फिरवत नाही, पण रोजच्या फडक्यात अडकलेली धूळ तेच काम करते.

मग पांढऱ्या गाडीवर हे का दिसत नाही? रेघा तिथेही असतातच. पण पांढरा रंग स्वतःच सगळीकडे इतका उजेड फेकतो की रेघेचा उजेड त्यात हरवून जातो. काळा रंग आत गेलेला उजेड गिळून टाकतो. समोरून पाहिलं तर वरच्या गुळगुळीत थरावरून जेमतेम 4 टक्के उजेड आरशासारखा परत येतो, आणि काळ्या गाडीची ‘खोली’ म्हणजे तेवढंच. तुम्ही रंग बघत नसता, रंगात पडलेलं आभाळ आणि समोरची बिल्डिंग बघत असता. त्या आरशावर हजारो रेघा आल्या की प्रत्येक रेघ थोडा थोडा उजेड भलतीकडे उधळते आणि काळा रंग राखाडी दिसू लागतो. आमच्या पिढीला हे पाटीवरून चटकन कळेल. काळ्या पाटीवर पेन्सिलीची रेघ उठून दिसते. फरक एवढाच की ती पाटी थुंकी लावून पुसता यायची.

आता हा आरसा जाड किती? हल्लीच्या गाडीच्या पत्र्यावर प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट असं सगळं मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉनचा थर असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यात क्लिअर कोट 40-50 मायक्रॉनचा. प्लॅस्टिक पिशव्यांच्या जुन्या नियमाच्या कृपेनं ‘पन्नास मायक्रॉन’ भाजीवाल्यालाही पाठ आहे. म्हणजे तुमच्या गाडीची सगळी चमक तेव्हाच्या एका कॅरीबॅगच्या जाडीत बसते, आणि उन्हापासून खालच्या रंगाला जपायचं कामही तोच थर करतो.

त्यावर बसते आपली धूळ. सगळीकडे बांधकामं चालू आहेत, आणि त्यात वाळूऐवजी वापरतात ती क्रश सँड म्हणजे आपल्याच डोंगरांचा भरडलेला काळा दगड. त्यातले कण क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असतात. पॉलिश पेपर करायला याहून वेगळं काय लागतं?

मी शहाणपणाच्या गोष्टी सांगतोय, पण माझी पहिली काळी गाडी मीच मारली. सेकंडहँड होती, कौतुक फार. रोज सकाळी जुना बनियन ओला करून पुसायचो, कधी घाई असली तर कोरडाच. सहा महिन्यांत तिचा रंग शाळेच्या जुन्या फळ्यासारखा झाला. मग लोक म्हणतात, मुंबईचे टॅक्सीवाले दिवसभर स्टँडवर गाडी पुसत बसायचे, त्यांच्या पद्मिनी कशा चकचकीत असायच्या? त्या रंगावर असा वेगळा पारदर्शक थर नसायचा. घासलं की रंगच थोडा निघायचा, फडका काळा व्हायचा आणि खालून ताजा रंग वर यायचा. ती शेवटची पद्मिनी टॅक्सीही 2023 च्या ऑक्टोबरमध्ये 20 वर्षं भरून रस्त्यावरून गेली. तिच्याबरोबर ती सवयही जायला हवी होती.

तर रोज पुसणं बंद. आठवड्यातून एकदा, फार तर पंधरा दिवसांनी, नीट धुवा. गाडी सावलीत हवी आणि पत्रा गार हवा. आधी हात न लावता नुसतं पाणी मारायचं, जितकी धूळ वाहून जाईल तितकी जाऊ द्यायची. पाण्याची टंचाई असेल तर दोन तांबे कमी आंघोळीला वापरा, पण इथे कंजूषी नको. मग फेस टाकून थोडं थांबायचं. शाम्पू गाडीचाच घ्या. भांड्यांचा साबण वॅक्ससुद्धा धुऊन नेतो. बादल्या दोन, एक शाम्पूची आणि एक साध्या पाण्याची. मायक्रोफायबरचा हातमोजा एका भागावरून सरळ फिरवायचा, साध्या पाण्यात खळबळून घ्यायचा आणि मगच पुन्हा शाम्पूत बुडवायचा. शेवटी त्या साध्या पाण्याच्या तळाशी काय बसलंय ते बघा, म्हणजे एका बादलीत काय होत होतं ते कळेल. टपापासून सुरुवात, दरवाज्यांचा खालचा भाग शेवटी. चाकांचं कापड वेगळं, कारण ब्रेकची पूड लोखंडी असते. आणि हातातून कापड खाली पडलं की ते त्या दिवसापुरतं बाद. ‘झटकून घेतलं’ म्हणणारे बरेच भेटतात.

बोअरचं पाणी असेल तर गाडी आपोआप वाळू देऊ नका. आपल्या गीझरच्या कॉइलवर बसतो तोच क्षार काळ्या बॉनेटवर पांढरे गोल डाग पाडतो. मोठा, जाड मायक्रोफायबरचा टॉवेल पसरून नुसता टिपायचा. घासायचं नाही. ते टॉवेल धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, त्यांची पाणी शोषायची ताकद जाते. ताजे डाग पाणी घातलेल्या व्हिनेगरनं बऱ्याचदा निघतात, मग लगेच धुऊन टाकायचं. पक्ष्यांची शीट आम्ल असते. तापलेल्या काळ्या पत्र्यावर ती दुपारभर राहिली तर खड्डा पडतो. ओला टिश्यू त्यावर पाच मिनिटं ठेवा, मग उचला.

दसऱ्याचं मला मुद्दाम सांगायचं आहे. पूजा जरूर करा. पण बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि दुसऱ्या दिवशी कोरड्या कापडानं खसाखसा पुसलं, की ते पुढच्या दसऱ्यापर्यंत राहतं. काचेवर काढा, देव रागावत नाही.

पडलेल्या रेघांचं काय? त्या पॉलिशनं जातात, म्हणजे रेघेच्या तळापर्यंत क्लिअर कोट खरवडला जातो. तुमच्या पन्नासातले एक-दोन मायक्रॉन गेले, ते परत येत नाहीत. म्हणून दर दिवाळीला रबिंग, म्हणजे हे घासून पॉलिश, करून घेऊ नका, आणि करणाऱ्याकडे जाडी मोजायचं यंत्र आहे का ते आधी विचारा. काही जण तेलकट ग्लेझनं रेघा नुसत्या बुजवतात. गाडी ताब्यात घेताना दृष्ट लागेल अशी दिसते आणि तिसऱ्या धुण्याला जाळं परत हजर! वॅक्स चांगलं. ब्राझीलमधल्या ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांवरचं कार्नोबा काळ्यावर सुंदर दिसतं, पण आपल्या उन्हात काही आठवडेच टिकतं. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे क्लिअर कोटवर चढवायचा आणखी एक पारदर्शक थर, जास्त टिकतं, धूळ सहज वाहून जाते. मात्र त्याच्या जाहिरातीतलं ‘नाइन एच’ ऐकून हुरळू नका. ते पेन्सिलीच्या कठीणपणाचं माप आहे, एचबी पेन्सिलीच्या कुळातलं. हिऱ्याशी त्याचा संबंध नाही. फडका सिरॅमिकलाही ओरखडतो.

मागून काकू विचारतायत, ‘मग रोज गाडी पुसायला येणाऱ्या दादांना काढून टाकायचं का?’ अजिबात नाही. एक बादली आणि वीस गाड्या, यात त्यांची काय चूक? माझ्याकडे येणाऱ्या दादांना मी पगार तोच ठेवला आणि सांगितलं, रोज काचा आणि आतली मॅट, पत्र्याला हात लावायचा नाही. पहिला महिनाभर त्यांना अपमान झाल्यासारखं वाटलं. दुसऱ्या महिन्यात मी बाहेरगावी होतो. तेव्हा शेजारच्यांचा नवा मुलगा माझ्या गाडीवर फडका मारायला गेला, तर दादांनी त्याला लांबूनच हाक मारली, ‘ए, ती नको! ती मळलेलीच ठेवायची असते.’