टाइल्सखाली गेलेलं चेंबर

ही दोन इमारतींच्या मधली बोळ बघा, जेमतेम एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी, वर मान केली की आभाळाची पट्टी आणि दोन्ही भिंतींवर पाइपच पाइप. मुंबईत हिला घरगल्ली म्हणतात, कोणी हाऊसगल्ली म्हणतं. गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर, जुन्या मुंबईत कुठेही चाळीच्या मागे जा, ही सापडणारच. आता हिच्यात वरून टाकलेल्या पिशव्या, करवंट्या, आणि उंदीर, त्यांचं तर राज्यच आहे. पण ही जागा कचऱ्यासाठी सोडलेली नव्हती, फ्लश नव्हते तेव्हा सफाई करणारा माणूस मागच्या मागे संडासापर्यंत पोचावा म्हणून सोडली होती, मैला टोपलीत भरून याच वाटेने जायचा. 1888 च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात चक्क हलालखोर कर होता, मालमत्ता कराचाच एक भाग, म्हणजे ज्याच्या डोक्यावर ती टोपली त्याच्या नावाने कर घ्यायचा आणि त्याला मात्र पुढच्या दाराने येऊ द्यायचं नाही.

त्याच कायद्यात अजून एक गोष्ट आहे जी आजही कामाची आहे. तुमच्या जागेला नीट निचरा नसेल आणि 100 फुटांच्या आत पालिकेची गटारलाइन असेल, तर आयुक्त तुम्हाला नोटीस देऊन लाइन जोडायला लावू शकतात. माझी जागा, माझा खड्डा, मी बघून घेईन, असं चालत नाही.

आता वरच्या मजल्यावरून खाली येऊ. मोरी, बेसिन, किचनचं सिंक, वॉशिंग मशीन यांचं पाणी एकीकडे आणि संडासाचं दुसरीकडे, दोघांचे पाइप वेगळे, ही जुनी टू पाइप पद्धत, बऱ्याच इमारतींत अजून तीच आहे. सांडपाण्याचा पाइप खाली येऊन आधी गली ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी अडवून ठेवणाऱ्या छोट्या खड्ड्यात पडतो, आणि मग चेंबरला, म्हणजे लाइन उघडून बघायच्या झाकणाच्या खड्ड्याला जातो. संडासाचा पाइप गली ट्रॅपमध्ये सोडायचा नाही, तो थेट चेंबरला. गली ट्रॅपमध्ये, बाथरूमच्या जाळीखालच्या न्हाणी ट्रॅपमध्ये, कमोडच्या बुडाशी, सगळीकडे थोडं पाणी कायम अडून राहतं, साधारण दोन इंच, आणि गटारातला वास, गॅस, झुरळं हे सगळं तेवढ्या दोन इंच पाण्याने अडवलेलं असतं. गावाला महिनाभर जाऊन आलात आणि बाथरूमला भयानक वास येतोय तर लगेच प्लंबरला फोन करू नका, ते पाणी सुकलंय, जाळीत दोन तांबे पाणी ओता.

पुढे ढाळ, म्हणजे पाइपचा उतार. जुने प्लंबर तोंडी सांगतात, चार इंची पाइपला चाळीस फुटांत एक फूट, सहा इंचीला साठात एक. कमी पडला की घाण तळाला बसते, आणि खूप जास्त दिला तरी पाणी पुढे पळतं आणि घट्ट माल मागे राहतो, त्यामुळे जास्त म्हणजे चांगला असं नाही.

आणि जिथे लाइन वळते, जिथे दोन लाइनी मिळतात, सरळ लाइनीतही ठराविक अंतरावर, तिथे चेंबर पाहिजे. हे का, तर पाइप चोकअप होणारच हे नियम लिहिणाऱ्याने गृहीत धरलंय. कधीतरी तुंबेल, तेव्हा उघडून सळई किंवा जेटिंगचा, म्हणजे जोरात पाणी मारणाऱ्या मशीनचा पाइप घालायला जागा हवी. डक्ट, म्हणजे इमारतीत पाइपांसाठी सोडलेली उभी मोकळी जागा, त्यासाठीच, चेंबर त्यासाठीच, घरगल्ली पण खरं तर माणसाला आत पोचता यावं म्हणूनच होती. आणि आपण काय करतो? डक्टमध्ये किचन वाढवतो. सोसायटीत रंगकाम निघालं की कंपाउंडला पेव्हर ब्लॉक किंवा टाइल्स टाकतो, छान एकसारखं दिसतं, आणि चारपाच चेंबर कायमचे त्याखाली जातात. ज्या सेक्रेटरीच्या काळात झालं त्याने फ्लॅट विकलेला असतो, ड्रेनेजचा नकाशा फाइलमध्ये नसतो, आणि मग भर जुलैत कोणीतरी टिकाव घेऊन अंदाजाने टाइल्स फोडत बसतं.

घरातल्या रिनोव्हेशनचंही तेच. बाथरूम किंवा संडास हा खालच्या बाथरूम, संडास, मोरीच्याच डोक्यावर पाहिजे, दुसऱ्या कुठल्या खोलीवर आणायचा असेल तर फ्लोअर पूर्ण वॉटरटाइट हवा. बेडरूमला अटॅच टॉयलेट काढून देणारा कॉन्ट्रॅक्टर हे सांगत नाही, खालच्या मजल्यावरच्या काकू सांगतात, तेही छत गळायला लागल्यावर.

आता शेवटचा टप्पा, कंपाउंडच्या बाहेरचा, आणि खरा घोळ इथेच आहे. मुंबईच्या रस्त्याखाली दोन वेगळ्या लाइनी आहेत, मलवाहिनी आणि पर्जन्य जलवाहिनी. मलवाहिनीतलं पाणी पंपिंग स्टेशनमार्गे प्रक्रिया केंद्राकडे जातं. पावसाची लाइन मात्र नाल्यात, खाडीत, समुद्रात, थेट, मध्ये काही नाही. जुन्या पावसाळी लाइनी ताशी 25 मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेल्या, मुंबईच्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्यावरच्या 1993 च्या ब्रिमस्टोवॅड अहवालात ती क्षमता 50 करायची शिफारस झाली, आणि 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पडला. आधीच कमी पडणाऱ्या त्या लाइनीत लोक संडासाचं कनेक्शन देतात. मलवाहिनी खोल असते, तिच्यासाठी रस्ता खोदायची परवानगी, पैसे, वेळ, आणि पावसाचं गटार फुटपाथला चिकटून, उथळ, रात्रीत जोडून मोकळे. खात्री करायची असेल तर मे महिन्यात कुठल्याही नाल्यावर जाऊन उभे राहा, पावसाचा थेंब नाही आणि नाला काळाकुट्ट वाहतोय, ते पाणी कुठून आलं?

आणि जे झाकण आपण उघडायचं नाही, रस्त्यावरच्या मॅनहोलचं, ते मात्र पाणी तुंबलं की बिनधास्त सरकवतात. 29 ऑगस्ट 2017 ला मुंबई पाण्यात होती, घरी निघालेले एक नामांकित डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडले, मृतदेह नंतर वरळीच्या किनाऱ्यावर सापडला. त्यानंतर मॅनहोलच्या आत जाळ्या बसवायचं काम सुरू झालं.

कागदावर सगळं कडक आहे. बांधकामाचे नियम मुंबईत डीसीपीआर 2034 चे, बाकी बहुतेक महाराष्ट्रात 2020 च्या एकत्रित नियमावलीचे. ड्रेनेजचा लेआउट मंजूर करून घ्या, काम परवानाधारक प्लंबरकडून करा, ड्रेनेज कम्प्लिशन सर्टिफिकेट घ्या, त्याशिवाय ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, नाही. पण सर्टिफिकेट त्या दिवसापुरतं असतं हो, नंतर तुम्ही टाइल्स टाकल्या तर ते बघायला कोण येणारे? तुंबलं की पालिकेला फोन जातो, आणि पालिकेचा माणूस सांगतो आतली लाइन सोसायटीची, आमची बाहेर सुरू होते. त्याचं बरोबरच आहे.

मग सोसायटी स्वस्तातला माणूस शोधते. चेंबर दबलेला, मशीनचा पाइप आत घालायला तोंड नाही, त्यामुळे जे एक तोंड उघडं आहे त्यातून त्यालाच आत उतरवतात, कधी चेंबर, कधी सेप्टिक टँक. हाताने मैला साफ करायला बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनं न देता माणसाला असं गटारात किंवा टाकीत उतरवणं गुन्हा आहे, पहिल्या वेळेला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ऑक्टोबर 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने गटारात मृत्यू झाला तर भरपाई 30 लाख केली, आधी ती 10 लाख होती. आणि कायद्यात शब्द थेट किंवा अप्रत्यक्षपणे कामाला लावणं असे आहेत, त्यामुळे तो आमचा माणूस नव्हता, ठेकेदाराने आणला होता, हे कमिटीचं नेहमीचं उत्तर तिथे पुरणार नाही.