फिलॉसॉफी शिकून हॉस्पिटलात काय काम? बांबोळी, सिएटल आणि पदव्युत्तर शिक्षणाची एक वेगळी वाट

नमस्कार मंडळी! आज सुरुवात कायद्याच्या एका कलमापासून करतो. लगेच व्हिडिओ पुढे ढकलू नका, कलम मजेशीर आहे.

२०१९ साली केंद्र सरकारने नवी औषधं आणि क्लिनिकल ट्रायल यांचे नियम काढले. माणसांवर नव्या औषधाची चाचणी घ्यायची, तर आधी एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. कमिटीत किमान ७ जण हवेत. त्यातले निम्मे तरी त्या संस्थेच्या बाहेरचे, अध्यक्षसुद्धा बाहेरचा. एक वकील, एक तरी बाई, एक साधा नागरिक. आणि एक जागा अशी, की तिथे समाजशास्त्रज्ञ, स्वयंसेवी संस्थेचा माणूस, तत्त्वज्ञ, नीतिशास्त्राचा अभ्यासक किंवा धर्मशास्त्राचा जाणकार यांपैकी कुणीतरी बसायचं. तत्त्वज्ञ, थेट भारताच्या राजपत्रात! बी.ए.ला फिलॉसॉफी घेतली म्हणून घरी ज्यांना बोलणी खावी लागली, त्यांनी हे पान छापून भिंतीला लावायला हरकत नाही. पगाराचा उल्लेख त्या पानावर नाही. त्याकडे येतोच.

तर विषय आहे उपयोजित तत्त्वज्ञान आणि आरोग्यसेवेतलं नीतिशास्त्र. इंग्रजीत अप्लाइड फिलॉसॉफी आणि हेल्थ केअर एथिक्स. यात एम.ए. करता येतं, पीएच.डी. करता येते. पण शिकवतात काय? ‘चांगलं वागा, रुग्णाशी गोड बोला’ एवढंच असेल, तर त्याला दोन वर्षं कशाला? म्हणून व्याख्या बाजूला ठेवतो आणि एक प्रकरण सांगतो. ते घडलं अमेरिकेत, पण ऐकताना तुम्हाला सावंतवाडी आठवेल.

१९६० साली सिएटलमध्ये बेल्डिंग स्क्रिब्नर नावाच्या डॉक्टरांनी एक शंट तयार केला. हाताच्या रक्तवाहिन्यांत कायमची बसवायची नळी. त्याआधी डायलिसिस थोडेच दिवस करता यायचं, कारण दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे. या नळीमुळे किडनी निकामी झालेला माणूस वर्षानुवर्षं जगू शकेल, अशी सोय झाली. १९६२ मध्ये तिथे डायलिसिस केंद्र सुरू झालं. यंत्रं मोजकी आणि रुग्ण ढीगभर. ज्याला जागा नाही, तो मरणार. मग निवड कोण करणार?

डॉक्टरांनी आधी वैद्यकीय चाळणी लावली. उरलेल्यांतून निवडायला ७ जणांची समिती नेमली. पाद्री, वकील, गृहिणी, बँकवाला, कामगार पुढारी वगैरे. नावं गुप्त, मानधन नाही. त्यांच्यापुढे रुग्णाचं वय, लग्न, मुलंबाळं, मिळकत, शिक्षण, नोकरी अशी माहिती असायची. चर्चला नियमित जातो का, हेही चर्चेत यायचं. लाइफ मासिकाने त्याच वर्षी हे छापलं आणि लोक हादरले. एकट्या राहणाऱ्या, कुठल्याच संस्थेत नसलेल्या माणसाची किडनी कमी महत्त्वाची का?

या समितीने अगदी सुरुवातीला एक नियम केला होता: रुग्ण वॉशिंग्टन राज्याचाच रहिवासी हवा. कारण असं, की संशोधन त्या राज्याच्या सरकारी विद्यापीठात झालं, राज्याच्या करदात्यांच्या पैशातून झालं. तेव्हा पहिला हक्क त्यांचा.

आलं ना लक्षात, मी कुठे चाललोय ते?

[पडद्यावर नकाशा: दोडामार्ग, सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी, बांबोळी]

सिंधुदुर्गात कुणाला मोठा अपघात झाला, डोक्याला मार लागला, हार्टचं काही निघालं, की एकच वाक्य ऐकू येतं: ‘बांबुळीक न्हेल्यानी.’ बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, म्हणजे गोमेकॉ. संस्था जुनी, मूळ शाळा पोर्तुगीज काळातली, १८४२ची. दोडामार्ग-बांद्याच्या माणसाला कोल्हापूरपेक्षा बांबोळी जवळ, आणि मुंबई तर विचारूच नका. पिढ्यान्‌पिढ्या हे चाललं. मग जानेवारी २०१८ पासून गोवा सरकारने गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं. सिंधुदुर्गात आंदोलनं झाली. महाराष्ट्राच्या महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेतून काही करता येईल का, अशी बोलणी सुरू झाली.

नाक्यावर यावर जी चर्चा झाली ती तुम्हाला माहीत आहे. दोन्ही बाजूंनी आवाज मोठा, मुद्दा एकेकच. आता हाच विषय पदव्युत्तर वर्गात कसा सोडवतात ते बघा. मला हा भाग आवडतो, म्हणून इथे जरा रेंगाळणार आहे.

पहिली पायरी, समोरच्याची बाजू त्याला पटेल इतकी नीट मांडायची. गोव्याची बाजू: हॉस्पिटल गोवेकरांच्या करातून चालतं, राज्य लहान आहे, खाटा मर्यादित आहेत. शेजारच्या राज्याने आपल्या जिल्ह्यात हॉस्पिटलं उभारली नाहीत, तर त्याचा भार गोव्याने का उचलावा? हा देवाणघेवाणीचा युक्तिवाद. सिएटलच्या समितीनेही हाच वापरला होता.

दुसरी पायरी, तो युक्तिवाद शेवटपर्यंत ताणून बघायचा. कर भरला म्हणून हक्क, असं असेल तर सावंतवाडीचा जो पोरगा रोज पत्रादेवीचा नाका, म्हणजे गोव्याची हद्द, ओलांडून गोव्यात हॉटेलात राबतो, तिथेच पेट्रोल भरतो, तिथेच खरेदी करतो, तो गोव्याच्या तिजोरीत भरच घालतोय. त्याचा हक्क किती? आणि जो गोवेकर परदेशात स्थायिक झाला, तिथेच कर भरतो आणि म्हातारपणी उपचाराला परत येतो, त्याचा? रेशनकार्डावरचा पत्ता आणि प्रत्यक्ष वाटा, या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. म्हणजे युक्तिवाद खोटा ठरला असं नाही. पण आधार कार्ड बघून शुल्क लावायचं असेल, तर त्याला आणखी एक टेकू लागेल.

तिसरी पायरी, दुसरं तत्त्व आणून बघायचं. गरज हेच तत्त्व धरलं तर जिल्हा, राज्य सगळं गळून पडतं आणि जास्त आजारी तो पुढे. ऐकायला सुंदर. पण मग बेळगाव-कारवारच्या रुग्णालाही तोच हक्क, आणि खाटा तेवढ्याच. जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७१ मध्ये मांडलेली कल्पना इथे वापरतात: आपण कोण म्हणून जन्माला येणार हे माहीतच नाही असं समजा, आणि मग नियम करा. पत्रादेवीच्या अलीकडे जन्म की पलीकडे, ठाऊक नाही. आता कुठला नियम निवडाल? तातडीचे उपचार सगळ्यांना मोफत आणि ठरवून करायच्या शस्त्रक्रियेला शुल्क? की दोन सरकारांनी आपसात हिशेब करावा आणि रुग्णाला काउंटरवर अडवू नये? मला हा दुसरा मार्ग बरा वाटतो, कारण जिल्ह्यात हॉस्पिटल नसणं हा त्या रुग्णाचा दोष नाही. तुमचं मत वेगळं असेल तर कारणासकट असू द्या. या शिक्षणात गुण कारणालाच मिळतात.

सिएटलच्या प्रकरणाला शेवट आहे बरं का. १९७२ मध्ये अमेरिकेच्या संसदेने कायदा करून किडनी निकामी झालेल्या जवळजवळ सगळ्यांचा डायलिसिसचा खर्च सरकारी विम्यात घेतला. निवड समितीची गरजच संपली. पैसा आला की काही नैतिक प्रश्न विरघळतात, सगळे नाही विरघळत.

न विरघळणारा एक प्रश्न घ्या, निर्णय कुणाचा? हळदीपूर हे होन्नावरजवळचं गाव, आपल्याच किनारपट्टीवर, खाली कारवारच्या बाजूला. तिथल्या अरुणा शानबाग मुंबईत केईएममध्ये नर्स होत्या. १९७३ मध्ये हॉस्पिटलातच त्यांच्यावर अत्याचार झाला, मेंदूला इजा झाली आणि मे २०१५ मध्ये जाईपर्यंत त्या अंथरुणावरच होत्या. त्यांना शांतपणे जाऊ द्या, अशी याचिका एका लेखिकेने केली. केईएमच्या नर्सेस म्हणाल्या, आम्ही सांभाळतोय, आम्ही सांभाळू. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली आणि अरुणाताईंची जवळची माणसं म्हणजे ही केईएमची मंडळी, असं मानलं. मात्र त्याच निकालाने निष्क्रिय दयामरणाचं, म्हणजे जगवत ठेवणारे उपचार थांबवण्याचं, दार किलकिलं केलं. २०१८ मध्ये घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि लिव्हिंग विलला, म्हणजे शुद्ध हरपली तर कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली. २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी झाली: आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो, मॅजिस्ट्रेटकडे जावं लागत नाही.

आता हे आपल्या घरात आणा. आई गावात, मुलगा चाकरमानी, डोंबिवलीला. आईला कॅन्सर निघतो. मुलगा फोनवरून डॉक्टरांना सांगतो, ‘आयेक काय सांगू नकात.’ प्रेमापोटीच सांगतो. पण दिवस आईचे आहेत. बागेचं काय करायचं, दागिने कुणाला, पुढचा गणपती कुणाकडे, हे तिला ठरवायचं असेल तर? पाश्चात्त्य पुस्तकं रुग्णाच्या स्वायत्ततेवर सरळ बोट ठेवतात. आपल्याकडे कुटुंब मध्ये उभं असतं, आणि ते नेहमी चुकीचंच असतं असं म्हणणंही आळशीपणाचं आहे. या विषयात कोकणातून कुणी शिकायला गेलं, तर लिहिण्यासारखं सगळ्यात जास्त इथेच आहे, असं माझं मत.

बरं, शिकायचं कुठे? भराभर सांगतो. घराजवळ गोवा विद्यापीठ, ताळगावच्या पठारावर, तिथे तत्त्वज्ञान शिकवतात. मुंबई विद्यापीठ आणि पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे विभाग आहेत. घर सोडता येत नसेल तर इग्नूचं एम.ए. थेट आरोग्याचं नीतिशास्त्र हवं तर रत्नागिरीला मत्स्यगंधा एक्स्प्रेसमध्ये बसा आणि मंगळुरूला उतरा. शहराबाहेर देरळकट्ट्याला येनेपोया विद्यापीठ आहे, त्यांचं सेंटर फॉर एथिक्स बायोएथिक्समध्ये पदव्युत्तर शिक्षण देतं. परदेशात ओहायोतलं बोलिंग ग्रीन उपयोजित तत्त्वज्ञानासाठी ओळखलं जातं, सेंट लुइस विद्यापीठात हेल्थ केअर एथिक्समध्येच पीएच.डी. होते. अमेरिकेत पीएच.डी.ला बहुतेक वेळा फीमाफी आणि विद्यावेतन मिळतं, एम.ए.ला सहसा पदरचे मोजावे लागतात. कर्ज काढून तिकडे एम.ए. करायला जाऊ नका, हे मी स्पष्ट सांगतो.

आणि नोकरी? अमेरिकेत हॉस्पिटलांमध्ये एथिक्स कन्सल्टंट असतात, २०१८ पासून त्यांच्यासाठी प्रमाणपत्राची परीक्षाही आहे. आपल्याकडे असं पूर्णवेळ पद क्वचितच दिसतं. एथिक्स कमिटीतली जागा म्हणजे पोटापाण्याची नोकरी नव्हे. म्हणून माझा सल्ला रूक्ष आहे: हा विषय जोडीला घ्या. नर्सिंग, एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्य), कायदा किंवा एम.बी.बी.एस. हातात असेल तर हे शिक्षण तुम्हाला गर्दीतून वेगळं काढेल. एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात २०१९ पासून वर्तणूक, नीती आणि संवाद यांचा भाग आला आहे, तोही कुणीतरी शिकवायला हवा. निव्वळ तत्त्वज्ञानाच्या वाटेने जाणाऱ्यांनी नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा आणि भारतीय तत्त्वज्ञान संशोधन परिषदेच्या फेलोशिपवर लक्ष ठेवायचं.

परदेशी अर्ज करणार असाल तर एक काम आत्तापासून. तत्त्वज्ञानाच्या अर्जात लेखनाचा नमुना फार बारकाईने वाचतात. पाठ्यपुस्तकातला काण्ट हा जर्मन तत्त्वज्ञ पुन्हा सांगू नका, तो त्यांनी वाचलाय. बांबोळीचं शुल्क घ्या, नाहीतर ‘आयेक सांगू नकात’ घ्या. एकच दावा करा, त्यावरचा सगळ्यात बळकट आक्षेप स्वतःच मांडा आणि त्याला उत्तर द्या. पंधरा-वीस पानं पुरे. तिकडचे पीएच.डी.चे अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत बंद होतात. शिफारसपत्रं सहसा तीन लागतात आणि आपले सर-मॅडम ती शेवटच्या आठवड्यात देतात. तेव्हा गणपती विसर्जन झालं की लिहायला बसा, दिवाळीच्या आधी मसुदा त्यांच्या हातात पडायला हवा.