मस्टरवर 19

[दृश्य: जळगाव एमआयडीसी, डाळ मिलचं आवार. कडक ऊन.]

मे महिना. जळगावचा पारा 45 च्या आसपास. तेलपाणी लावलेली तूर आवारात वाळत पडली आहे आणि डोक्याला रुमाल गुंडाळलेली माणसं ती सारखी खालीवर करताहेत. डाळ, चटई, पाइप, जिनिंग... खान्देशातली किती तरी घरं अशा आवारांवर चालतात.

इथल्या दिवाणजींना एक आकडा तोंडपाठ असतो: 19. पीएफ, म्हणजे भविष्य निर्वाह निधी, लागू होतो 20 माणसांपासून. म्हणून मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, 19, बाकीचे ‘ठेकेदाराचे’. त्याहून लहान युनिटचा लाडका आकडा 9, कारण ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, 10 पासून. मालकाला वाटतं, कायदा फाटकाबाहेर थांबला. तो थांबत नाही. त्याच आवारात राबणारी ठेकेदाराची माणसंही मोजणीत येतात. ठेकेदारानं वर्गणी बुडवली, तर ती मूळ मालकाकडून वसूल होते. आणि एकदा पीएफ लागू झाला की पुढे माणसं कमी झाली म्हणून सुटत नाही.

[दृश्य: फिरता पट्टा, जवळून.]

जरा हिशेबच मांडू. पगार धरा 15,000. ईएसआयमध्ये मालकाचा वाटा 3.25 टक्के, म्हणजे महिन्याला 487 रुपये 50 पैसे. कामगाराचा 0.75 टक्का. बदल्यात त्याच्या कुटुंबाचं औषधपाणी, आजारपणात 91 दिवसांपर्यंत 70 टक्के पगार आणि कामावर दुखापत होऊन घरी बसावं लागलं तर 90 टक्के.

आता ईएसआय नसलेलं 9 जणांचं युनिट घ्या. पट्ट्यात सापडून 30 वर्षांचा कामगार दगावला. भरपाईचं सूत्र ठरलेलं आहे: निम्मा पगार गुणिले वयानुसार ठरलेला आकडा, तिशीच्या माणसासाठी 207.98. होतात 15,59,850 रुपये, आणि ते मालकाच्या खिशातून. एवढ्या पैशांत त्या नऊही जणांचा ईएसआयचा वाटा जवळपास 30 वर्षं भरता आला असता. दहाच्या आत माणसं असली, तरी दोन्ही बाजूंची संमती असेल तर ईएसआय आता स्वेच्छेनं घेता येतो.

खान्देशी मालक कंजूष असतो असं मात्र नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी निघालेल्या माणसाच्या हातात तो उचल ठेवतो, पोरीच्या लग्नाला मदत करतो. “मालक चांगला शे, पन कागद नही,” असं कामगार म्हणतो, ते त्यामुळेच. पण तोच मालक उद्या मिल विकून पुण्याला लेकाकडे गेला, तर त्या चांगुलपणाची नोंद कुठे?

[दृश्य: पहाट, मिलचं फाटक उघडतं.]

उन्हाळ्याचं तर अवघड काहीच नाही. वाळवणाचं काम पहाटे सुरू करायचं, दुपारी सावलीत घ्यायचं. गार पाणी, मीठ-साखरेचं पाणी. भरडायच्या खोलीत धूळ ओढणारा पंखा आणि नाकाला बरा मास्क. गमछा पुरत नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांत चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी आहे. वर्षानुवर्षं डाळीची धूळ छातीत घेतलेल्या माणसाला ती फार आधी मिळायला हवी होती. शिवाय प्रत्येकाला नियुक्तीपत्र द्यायचं आहे.

[दृश्य: टेबलावर कोरे नियुक्तीपत्र.]

इथे दिवाणजींना पुन्हा मोह होईल: वीस वर्षं जुन्या माणसाच्या पत्रावर यंदाची तारीख घालायचा. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना मिळणारी एकरकमी रक्कम, रुजू झाल्यापासून मोजतात, दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार. पत्रावरची तारीख बदलली म्हणून जुनी नोकरी पुसली जात नाही. जुने मस्टर, बँकेतल्या पगाराच्या नोंदी, शेजारच्या यंत्रावरच्या माणसाची साक्ष, सगळं पुढे येतं. तेव्हा शेठ, पत्रावर खरी तारीख घाला. ठेकेदाराच्या माणसांचीसुद्धा त्याच्याकडून घालून घ्या.