मधल्या स्टेशनवरचा पाहुणा

(जळगाव परिसरातील हॉटेल, टॅक्सी आणि गाइडच्या व्यवसायातल्या मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, अजिंठा पाहायला आलेला परदेशी पाहुणा तुमच्या हाती जेमतेम एक दिवस असतो. रात्री त्याला आग्र्याकडे किंवा वाराणसीकडे जाणाऱ्या गाडीत बसवलं की आपलं काम संपलं, असं आपण धरतो. पण त्याचा प्रवास बिघडतो तो बहुतेक वेळा गाडीत बसण्याच्या आधीच, आणि त्याचं कारण एकच: जळगाव हे मधलं स्टेशन आहे. परदेशी प्रवासी पुस्तकांतून, ओळखीच्यांकडून जे ऐकून येतो ते गाडी जिथून सुटते त्या मुंबई-दिल्लीचं असतं. आपल्या स्टेशनचा हिशोब वेगळा.

सगळ्यात आधी तारीख. पंजाब मेल मुंबईहून संध्याकाळी सुटते आणि जळगावला रात्री बारानंतर येते. म्हणजे १४ तारखेला सुटलेली गाडी आपल्या फलाटावर लागते तेव्हा १५ तारीख झालेली असते. १४ ला लेणी पाहून त्याच रात्री निघणाऱ्या पाहुण्याने जळगावहून तिकीट काढताना १५ तारीख टाकायला हवी. तो १४ टाकतो, कारण त्याच्या मनात ती ‘चौदाची रात्र’ असते. मग स्टेशनावर कळतं की त्याची गाडी आदल्या रात्रीच गेली. तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचं तिकीट चेक-इनच्या वेळीच बघा आणि त्याला साध्या शब्दांत विचारा, ‘आज रात्री झोपायच्या आधी निघणार, की उद्या?’

तात्काळला हाच हिशोब उलटा लागतो. तात्काळ उघडतं ते गाडी सुरुवातीच्या स्टेशनवरून सुटण्याच्या आदल्या दिवशी, एसीसाठी सकाळी १० वाजता आणि स्लीपरसाठी ११ वाजता. वरच्या उदाहरणात आपण १५ ला चढणार, पण गाडी मुंबईहून १४ ला सुटते, म्हणून तात्काळ १३ ला उघडणार. १४ ला सकाळी खिडकीवर उभं राहणारा माणूस एक दिवस उशिरा आलेला असतो. त्यात १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तात्काळला आधार-पडताळणी केलेलं खातं लागतं. परदेशी माणसाकडे आधार कुठून येणार? तेव्हा तात्काळच्या भरवशावर त्याला ठेवूच नका.

त्याच्या सोयीचा खरा रस्ता म्हणजे परदेशी पर्यटक कोटा. आपल्याला आता ६० दिवस आधी आरक्षण मिळतं, पण या कोट्यात पर्यटकाला ३६५ दिवस आधी काढता येतं. पासपोर्ट आणि व्हिसा लागतो. कोटा सगळ्या गाड्यांना नसतो. जळगावहून दिसला नाही, तर मुंबईपासूनचं तिकीट काढून ‘बोर्डिंग’ जळगाव किंवा भुसावळ करून घ्यायचं. थोडे पैसे जास्त जातात, पण बर्थ मिळतो. यात दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. प्रवासाची तारीख आता मुंबईची, म्हणजे १४ टाकायची. आणि बोर्डिंग बदललं नाही, तर मुंबईला प्रवासी आला नाही म्हणून टीसी तो बर्थ दुसऱ्याला देऊन टाकू शकतो.

वेटिंगचा गोंधळ तर कायमचा. पाहुण्याच्या देशात पैसे भरले म्हणजे जागा मिळाली. इथे ‘डब्ल्यूएल १२’ लिहिलेला कागद हातात घेऊन तो निश्चिंत बसतो. ऑनलाइन काढलेलं वेटिंगचं तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होतं, पैसे परत येतात. आणि मे २०२५ पासून वेटिंगवर आरक्षित डब्यात बसायला मनाई आहे. आरएसी, म्हणजे अर्ध्या बर्थचं तिकीट, मात्र चालतं, पण एका साइड लोअरवर दोन अनोळखी माणसं रात्रभर बसणार, हे त्याला आधी सांगा. नाहीतर तो आपल्या बर्थवर ‘बसलेल्या माणसाची’ तक्रार करत हिंडेल.

आता बर्थ. स्लीपर आणि थ्री-एसीत आकड्याला आठने भागा. बाकी १ किंवा ४ उरली तर खालचा, २ किंवा ५ मधला, ३ किंवा ६ वरचा, ७ साइड लोअर, शून्य उरलं तर साइड अप्पर. टू-एसीत सहाने भागायचं, कारण तिथे मधला बर्थ नसतो. हे कशाला? सहा फुटांपेक्षा उंच माणसाला साइडचा बर्थ म्हणजे शिक्षाच, दोन्ही टोकांना भिंत असते. आतल्या बर्थचं पायाकडचं टोक पॅसेजला उघडं असतं. त्यातही वरचाच बरा. खालच्याचे पाय येणाऱ्या-जाणाऱ्या बॅगांना लागतात. मधला बर्थ रात्री १० ते सकाळी ६ एवढाच उघडायचा असतो, आणि दिवसा खालची सीट तिघांची असते. हे माहीत नसलं की पाहुण्याला वाटतं लोक आपली जागा बळकावतायत.

सामान लोअर बर्थखाली साखळी-कुलपाने बांधायचं. उंच टणक सुटकेस तिथे जात नाही, सॅक जाते. एसीत चादरी-उशी-ब्लँकेट मिळतं, स्लीपरला काहीच नाही. चार्जिंगची वीज रात्री अकरानंतर बंद केली जाते, म्हणून फोन आधीच भरून घ्या. संडासात कागद किंवा बाटली टाकू नका म्हणावं, बायो-टॉयलेट तुंबतं ते त्यानेच. खायला सोबत केळी द्या. आपल्याकडे त्यांना तोटा नाही, आणि सोलून खायचं फळ पोटाला धोक्याचं नाही.

फलाटावर एक गोष्ट जपा. बावीस-तेवीस डब्यांची गाडी पाचशे मीटरच्या पुढे जाते आणि जळगावला ती दोन-तीन मिनिटंच थांबते. पाहुण्याचा बी-१ डबा मागे आणि पाहुणा पुढे, असं झालं तर ओझ्यासकट धावत डबा गाठणं होत नाही. डब्याची जागा फलाटावरच्या पाटीवर बघून आधीच उभं करा. चुकलंच तर जवळच्या आरक्षित डब्यात चढवा आणि आतून चालत जायला सांगा, जनरलमध्ये नको. सामान जास्त असेल, सोबत म्हातारी माणसं असतील तर सरळ भुसावळला न्या. पंचवीसेक किलोमीटर आहे, पण तिथे गाडी जास्त वेळ थांबते. ‘गाडी उनी का?’ (आली का?) विचारत फलाटभर फिरणारा आपला माणूस त्या पाहुण्याला तिथे दिलासा वाटतो, हेही खरं.

येणाऱ्यांचं उलट. पहाटे अंधारात उतरायचं, गाडीत कोणी उठवत नाही. मुंबईकडून येणाऱ्याला सांगा: चाळीसगाव गेलं की डोळे उघड, पाचोरा गेलं की सामान दारापाशी. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून येणाऱ्या गाड्या धुक्याने तासन्‌तास रखडतात, त्यामुळे रिक्षा-टॅक्सी ठरवताना वेळापत्रक बघू नका, गाडी चालत आहे कुठे ते बघा. दिवसभर लेण्यांवर जाऊन रात्रीच पुढे जाणारा असेल तर सामान क्लोकरूममध्ये ठेवता येतं. पण कुलूप नसलेली बॅग तिथे घेत नाहीत, आणि परदेशी लोकांच्या सॅकला कुलूप क्वचितच असतं. आपल्या टॅक्सीत दोन छोटी कुलपं ठेवत चला. आणि बुकिंग घेताना तारखेबरोबर वारही विचारा, अजिंठा सोमवारी बंद असतो.